पेशंटच्या टिश्यूपासून ऑर्गनॉइड: लोक सारखे सारखे विचारतात ते प्रश्न

मी नेदरलँड्समधल्या एका लॅबमध्ये आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवते, आठवं वर्ष चालू आहे. पुण्याच्या मावशीपासून ते एमएस्सीच्या पोरांपर्यंत सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतेय. सोपे प्रश्न वर आहेत, डोक्याला ताप देणारे खाली. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे नंबर टाकलाय, तिकडे बघा.

१. ऑर्गनॉइड म्हणजे नक्की काय? लॅबमध्ये छोटं आतडं बनवता का?

आतडं नाही हो, आतड्याचं अस्तर, आणि तेही खसखशीच्या दाण्याएवढं किंवा त्याहून बारीक. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला लाखो खळगे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी थोड्या स्टेम सेल बसलेल्या असतात. अस्तराच्या बाकीच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात, या तळातल्या मात्र नवीन पेशी काढतच राहतात. त्या स्टेम सेलना शरीराबाहेर योग्य जेल आणि योग्य खाणंपिणं दिलं की त्या आपसूक गोळा होऊन पोकळ गोळी तयार करतात, तिला फांद्या फुटतात, आणि तिच्यात आतड्याच्या अस्तरातल्या बऱ्याचशा जातीच्या पेशी दिसायला लागतात. ती गोळी म्हणजे ऑर्गनॉइड. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, स्नायू नाहीत, इम्युन पेशी नाहीत. हे लक्षात ठेवा, खाली प्रश्न १० आणि ११ मध्ये हेच आडवं येणार आहे.

२. हे शोधलं कोणी?

युट्रेक्टच्या ह्युब्रेख्ट इन्स्टिट्यूटमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबने. २००७ मध्ये तिथेच निक बार्कर यांनी एलजीआर-५ ही खूण शोधली, म्हणजे आतड्यातली स्टेम सेल नेमकी कुठली ते कळायला लागलं. मग जपानहून आलेल्या तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातली एकच एलजीआर-५ वाली पेशी घेऊन तिच्यापासून पूर्ण क्रिप्टसारखी रचना वाढवून दाखवली. तोवर आतड्याच्या नॉर्मल पेशी बाहेर महिनोन् महिने जगवणं कुणाला जमत नव्हतं, लोकांना वाटायचं की आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशींशिवाय ते होणारच नाही. माणसाच्या कोलनचं, म्हणजे मोठ्या आतड्याचं, २०११ मध्ये जमलं.

३. पण पेशी तर लॅबमध्ये पूर्वीपासून वाढवतात ना, हिला सेल्स वगैरे? मग यात नवीन काय?

हिला सेल्स १९५१ च्या, हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या, आणि तेही त्यांना न विचारता. अशा सेल लाइन प्लास्टिकवर चपट्या पसरून वाढतात, वर्षानुवर्षं वाढून वाढून मूळ माणसापासून खूप लांब गेलेल्या असतात, आणि जगभर सगळे त्याच त्याच मोजक्या लाइन वापरतात. ऑर्गनॉइडचं तसं नाही. ते गेल्या महिन्यात अमुक बेडवर असलेल्या अमुक पेशंटचे असतात, त्याचेच जीन्स, त्याचीच म्युटेशन्स. सेल लाइन म्हणजे पंचवीस वर्षं फ्रेम करून लावलेला फोटो, आणि हे म्हणजे काल काढलेला. दोन्हीचा उपयोग आहे, सेल लाइन स्वस्त आणि दणकट, त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही.

४. टिश्यू कुठून घेता? पेशंटला त्रास होतो का?

कॅन्सर असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनमध्ये काढलेल्या ट्यूमरचा तुकडा मिळतो, पॅथॉलॉजीवाले त्यांचं काम झाल्यावर उरलेलं देतात (त्यांचा हक्क आधी, त्यावर वाद घालायचा नाही). लिव्हरमध्ये पसरलेला असेल तर सुईने काढलेली बायोप्सी. सिस्टिक फायब्रोसिस (जीन बिघडल्याने होणारा आजार, प्रश्न ९) असलेल्यांची गुदाशयातून सक्शन बायोप्सी घेतात, तांदळाच्या कणीएवढे तीन-चार तुकडे. त्या भागाच्या अस्तराला दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे तान्ह्या बाळाचीही भूल न देता घेता येते. आईबापांना बघवत नाही तो भाग वेगळा.

५. टिश्यू लॅबमध्ये आल्यावर पहिल्या दिवशी काय करता? स्टेप बाय स्टेप सांगाल का?

नॉर्मल आतड्याचं सांगते. ट्यूब बर्फावर येते. तुकडे थंड बफरमध्ये पाच-सात वेळा धुवायचे, कारण गुदाशयातून आलेला माल आहे, त्यात बॅक्टेरिया असणारच, आणि इथे आळस केला की तीन दिवसांनी अख्खी प्लेट गढूळ. मग ईडीटीएमध्ये टाकून थंडीत तास-अर्धा तास हलवत ठेवायचं. पेशी एकमेकींना कॅल्शियमच्या जोरावर धरून असतात, ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं आणि पकड सुटते. मग सिरमचा हात फिरवलेल्या पिपेटने जोरात वरखाली करायचं, की क्रिप्ट सुटून पाण्यात येतात. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर हातमोज्याची तुटलेली बोटं तरंगतायत असं दिसतं, मला आठ वर्षांनी पण ते दिसलं की हुश्श होतं.

ते सेंट्रिफ्यूजला लावून खाली बसवायचे, बर्फावरच्या मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये (प्रश्न ६) मिसळायचे, आणि कोमट प्लेटमध्ये एकेका वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात, दहा-दहा मायक्रोलिटरचे थेंब टाकायचे. बुडबुडा येऊ द्यायचा नाही. मग प्लेट उलटी करून ३७ अंशाला वीसेक मिनिटं ठेवायची, उलटी अशासाठी की क्रिप्ट तळाला प्लास्टिकवर जाऊन चिकटू नयेत, थेंबाच्या मध्ये लटकून राहावेत. थेंब घट्ट झाला की वरून मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाणंपिणं (प्रश्न ७). दुसऱ्या दिवशी त्या बोटांची तोंडं मिटून गोल गोळ्या झालेल्या असतात. झाल्या नसतील तर मात्र त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलत नाही.

ट्यूमरला ईडीटीए नाही, तो बारीक कापून कोलॅजेनेजसारख्या एन्झाइममध्ये पचवायचा, पुढचं साधारण तसंच.

६. मॅट्रिजेल उंदराच्या कॅन्सरपासून बनतं हे खरं का? मग प्राणी वाचवण्याची भाषा कशी करता?

खरं आहे, आणि प्रश्न एकदम रास्त आहे. एंगेलब्रेथ-होल्म-स्वार्म नावाच्या उंदराच्या ट्यूमरमधून ते काढतात, त्यात लॅमिनिन, कोलॅजेन वगैरे प्रोटीन असतात. घरच्या जेलीचं बरोबर उलटं वागतं: थंडीत पातळ, उबेत घट्ट. म्हणून रात्रभर बर्फावर विरघळवायचं, टिपासुद्धा फ्रीजरमध्ये गार करून ठेवायच्या, नाहीतर पिपेटमध्येच दगड. प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो ही दुसरी कटकट. आम्ही तर नवीन लॉट आला की जुन्या ऑर्गनॉइडवर आधी चाखून बघतो, मगच ऑर्डर. कारखान्यात बनवलेली जेल आली आहेत, काही बरी आहेत, पण पेशंटचा एकच मौल्यवान तुकडा हातात असताना बहुतेक लोक अजून मॅट्रिजेलच उचलतात.

७. मीडिया एवढा महाग का? नेमकं काय असतं त्यात?

आतड्यात स्टेम सेलला शेजारच्या पेशींकडून जे निरोप मिळतात ते सगळे बाटलीतून द्यावे लागतात. डब्ल्यूएनटी आणि आर-स्पॉन्डिन म्हणतात "वाढत राहा", नॉगिन हे बीएमपीचा "आता पुरे" हा निरोप अडवतं, ईजीएफ वाढीला धक्का देतं. शिवाय बी-२७, निकोटिनामाइड, एन-असिटिलसिस्टीन, आणि माणसाच्या पेशींसाठी ए-८३-०१ आणि पी-३८ रोखणारं एक औषध. यातले निरोप देणारे ग्रोथ फॅक्टर शुद्ध विकत घेतले तर खिशाला भोक पडतं, म्हणून बऱ्याच लॅब ते तयार करणाऱ्या पेशी पाळून त्यांचं पाणी वापरतात. एल-डब्ल्यूआरएन नावाची एक पेशी तिन्ही, म्हणजे डब्ल्यूएनटी, आर-स्पॉन्डिन आणि नॉगिन एकदम देते. भारतातल्या ज्या मुलांनी बजेटचं रडगाणं पाठवलंय त्यांनी आधी हे बघा.

८. किती दिवसांत वाढतात? कायमचे ठेवता येतात का?

नॉर्मल कोलनचे आठवडा-दहा दिवसांत फोडायला येतात. फोडायचे म्हणजे बारीक टिपमधून ओढून तुकडे करायचे आणि नवीन जेलमध्ये लावायचे, एकाचे तीन-चार. विरजणासारखं आहे, थोडं काढून ठेवायचं आणि पुढचं लावायचं. पुरेसे झाले की फ्रीजिंग मीडियात घालून हळूहळू गार करायचे आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला, तिथे वर्षानुवर्षं राहतात.

ट्यूमरचं मात्र सांगता येत नाही, काही चार दिवसांत सुसाट सुटतात, काही महिनाभर नुसते बसून राहतात, प्रोस्टेटचे तर बदनामच आहेत. सुईची छोटी बायोप्सी, आधी केमो झालेली, मध्ये सगळं मेलेलं टिश्यू, अशा वेळी काहीच न वाढणं हे नेहमीचंच. पेशंटला हे आधी सांगितलं पाहिजे, कारण "माझ्या पेशी वाढल्या नाहीत" याचा तो भलताच अर्थ काढतो.

९. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये म्हणे ऑर्गनॉइड फुगवून औषध ठरवतात. फुगतं कशाने?

हा माझा लाडका प्रश्न. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर नावाचा जीन बिघडलेला असतो, तो १९८९ मध्ये सापडला. त्याचं प्रोटीन म्हणजे पेशीच्या भिंतीतली क्लोराइडची खिडकी. खिडकी उघडली की क्लोराइड बाहेर जातो, त्याच्यामागून पाणी. खिडकीच नसेल किंवा अडकली असेल तर पाणी जात नाही, फुप्फुसात आणि स्वादुपिंडात चिकट घट्ट माल साचतो, आणि घाम एवढा खारट होतो की बाळाची पापी घेतली तरी मीठ लागतं.

आता ऑर्गनॉइडमध्ये आतली पोकळी म्हणजे आतड्याची आतली बाजू. फोर्स्कोलिन नावाचं रसायन घातलं की पेशीतलं सीएएमपी (आतल्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं, खिडकी उघडते, क्लोराइड आणि पाणी पोकळीत जातं आणि गोळी टम्म फुगते, तेलात सोडलेल्या पुरीसारखी. पेशंटच्या गोळ्या तशाच चपट्या पडून राहतात. मग त्यांना औषध द्यायचं, हिरवा कॅल्सीन रंग घालायचा, आणि तासभर दर काही मिनिटांनी फोटो काढत राहायचं. किती फुगल्या ते कॉम्प्युटर मोजतो. युट्रेक्टच्या जेफ्री बीकमन यांच्या गटाने ही टेस्ट २०१३ मध्ये छापली. मोठ्या आतड्यात हे फुगणं पूर्णपणे सीएफटीआरवरच चालतं, दुसरी कुठली खिडकी मध्ये लुडबुड करत नाही, म्हणून उत्तर इतकं स्वच्छ येतं.

याचा खरा फायदा दुर्मिळ म्युटेशनवाल्यांना झाला. सीएफटीआरमध्ये दोन हजारांवर वेगवेगळे बदल सापडलेत. २०१२ मध्ये अमेरिकेत इव्हाकाफ्टर या औषधाला मंजुरी मिळाली ती जी-५५१-डी या एका बदलासाठी. आता जगात ज्याचा बदल फक्त पाच-दहा जणांत आहे त्याच्यासाठी कोण ट्रायल काढणार? त्याच्या गोळ्या औषधाने फुगल्या तर निदान ते औषध देऊन बघायला आधार मिळतो, आणि नेदरलँड्समध्ये अशा रीतीने औषध मिळालेले पेशंट आहेत. मी पहिल्यांदा एका मुलाच्या गोळ्या फुगताना पाहिल्या तेव्हा प्लेटचा नंबर तीनदा ताडून पाहिला होता, अदलाबदल तर झाली नाही ना म्हणून.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: हा आजार "गोऱ्यांचा" नाही. आपल्याकडेही आहे, बरेचदा न्यूमोनिया, टीबी, कुपोषण अशा नावांखाली दबून जातो. युरोपात एफ-५०८-डेल हा एकच बदल बहुतेकांत सापडतो, आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी आहे, बाकीचे बदल जास्त, म्हणजे ही टेस्ट खरं तर आपल्याकडेच जास्त कामाची. पण सुरुवात घामाच्या टेस्टने करा, ऑर्गनॉइड फार पुढची गोष्ट.

१०. माझ्या काकांना कोलन कॅन्सर आहे. ऑर्गनॉइडवर औषधं टेस्ट करून कुठली केमो लागू पडेल ते कळेल का?

हा प्रश्न महिन्याला एकदा तरी येतो, म्हणून नीट लिहिते.

२०१८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चच्या लोकांनी पोटाच्या आणि आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरचे ऑर्गनॉइड घेऊन पेशंटमध्ये काय झालं त्याच्याशी जुळवून बघितलं. ऑर्गनॉइडवर औषध चाललं नाही तर पेशंटवरही चाललं नाही, हे १०० टक्के जुळलं. ऑर्गनॉइडवर चाललं तर पेशंटवरही चाललं, हे ८८ टक्के. पेशंट मोजकेच होते, पण सगळीकडे बातम्या झाल्या.

मग २०१९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या गटाचा अभ्यास आला. इरिनोटेकनवाल्या केमोचा अंदाज ऑर्गनॉइडने ८० टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये बरोबर दिला. पण फाइव्ह-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या जोडीचा अंदाज आलाच नाही. काकांना पहिल्यांदा बहुतेक हीच जोडी देतील! त्यानंतर त्यांनी उलट दिशेने करून बघितलं, आधी ऑर्गनॉइडला विचारायचं आणि तो म्हणेल ते टार्गेटेड औषध पेशंटला द्यायचं. ती सेन्सर ट्रायल २०२१ मध्ये छापून आली. सहा जणांना औषध दिलं, एकाचाही ट्यूमर आक्रसला नाही.

असं का? ऑर्गनॉइड फक्त कॅन्सरच्या अस्तराची पेशी आहे, आजूबाजूचा गोतावळा नाही (प्रश्न १). औषध पेशंटच्या लिव्हरमधून बदलून येतं ते इथे नाही, आणि डिशमध्ये जेवढा डोस देता येतो तेवढा माणसाला झेपत नाही. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये आपण त्या पेशीला तिच्याच खिडकीबद्दल विचारतो, म्हणून ती खरं सांगते. कॅन्सरमध्ये तिला घरातल्या बाकीच्यांबद्दलही विचारतो, ते तिला माहीतच नाही.

तेव्हा काकांचं: स्टँडर्ड केमो ऑर्गनॉइडच्या रिपोर्टसाठी थांबवू नका, रिपोर्ट यायला कित्येक आठवडे जातात. ट्रायलमध्ये कोणी विनाखर्च टिश्यू मागत असेल तर जरूर द्या. कोणी भरमसाट पैसे घेऊन खात्रीने औषध सांगतो म्हणत असेल तर त्याला विचारा, किती पेशंटमध्ये तुमचा अंदाज चुकला? उत्तर टाळलं की उठून या. आणि आरएएस, बीआरएएफ, एमएसआय या ट्यूमरच्या जीन्सच्या टेस्ट झाल्यात का ते आधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, त्यांच्यावर आज खरोखर औषधं ठरतात.

११. इम्युनोथेरपी चालेल का ते कळतं का?

नुसत्या ऑर्गनॉइडवर नाही, इम्युन पेशीच नाहीत तर औषध काम कुणावर करणार. २०१८ मध्ये अॅमस्टरडॅमलाच पेशंटच्या रक्तातल्या टी-सेल (एक जातीच्या इम्युन पेशी) आणि त्याचेच ट्यूमर ऑर्गनॉइड एकत्र वाढवून, त्या ट्यूमरला मारणाऱ्या टी-सेल तयार करून दाखवल्या. भारी काम आहे, पण रोजच्या टेस्टपर्यंत आलेलं नाही.

१२. ट्यूमर म्हणून वाढवलं ते खरंच ट्यूमर आहे कशावरून?

हे विचारणारा माणूस लॅबमधलाच असणार. ट्यूमरच्या तुकड्यात नॉर्मल अस्तर थोडं येतंच, आणि कधी कधी नॉर्मल पेशीच जोरात वाढून ट्यूमरला झाकून टाकतात, फुप्फुसात हे फार होतं. एकदा मी पाच आठवडे एक लाइन कौतुकाने वाढवली, गोल गरगरीत, दिसायला सुंदर, आणि सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीन्स वाचून बघितल्यावर, एकही म्युटेशन नाही. खरं तर सुंदर दिसली तेव्हाच शंका यायला हवी होती, ट्यूमरचे बहुतेक वेडेवाकडे भरीव गोळे असतात.

कोलनमध्ये एक युक्ती आहे. बहुतेक कोलन कॅन्सरमध्ये एपीसी जीन मोडलेला असतो, त्यामुळे त्या पेशींना बाहेरून डब्ल्यूएनटी लागत नाही. मीडियातून डब्ल्यूएनटी आणि आर-स्पॉन्डिन काढून टाका, नॉर्मल उपाशी मरतात, ट्यूमर राहतो. ट्यूमरमध्ये पी-५३ हा जीन मोडलेला असेल तर नटलिन नावाचं रसायन घाला, नॉर्मल थांबतात. अपवाद: ज्या कोलन ट्यूमरमध्ये एपीसी शाबूत आहे, तिथे पहिली युक्ती लावलीत तर ट्यूमरच मारून बसाल. म्हणून थोडे वेल पूर्ण मीडियात राखून ठेवायचेच. आणि शेवटी सिक्वेन्सिंग, मूळ टिश्यूशी जुळवून.

१३. माझे ऑर्गनॉइड काळे पडतात / मरतात / वाढत नाहीत. काय चुकतंय?

मध्ये काळं पडलं म्हणजे मेलेल्या पेशी साचल्या, फोडायला उशीर केलात. सुट्ट्या पेशी करून लावल्यावर मरतात तर पहिले दोन दिवस वाय-२७६३२ हे पेशी जगवणारं रसायन घाला. सगळेच एकदम मंदावले तर डब्ल्यूएनटीची बॅच तपासा, मग मायकोप्लाझ्मा (एक फार बारीक बॅक्टेरिया). मायकोप्लाझ्मा मीडिया गढूळ करत नाही, मुकाट्याने रिझल्ट बिघडवतो, महिन्यातून एकदा टेस्ट हवीच. आणि पॅसेज नंबर, म्हणजे कितव्यांदा फोडले तो आकडा, लिहीत जा रे, तिसाव्या पॅसेजचं पाचव्याशी तुलना करून थिसिस लिहू नका.

१४. मेंदूचे ऑर्गनॉइड पण असेच पेशंटच्या टिश्यूपासून करता का? ते विचार करतात का?

सहसा नाही, मेंदूचा तुकडा कोण देणार? ते बहुतेक आयपीएस सेलपासून करतात, म्हणजे पेशंटची त्वचा किंवा रक्तातली पेशी घेऊन तिला मागे गर्भावस्थेसारख्या स्थितीत न्यायचं, ही युक्ती शिन्या यामानाका यांची, २००६ ची, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग तिथून पुढे मेंदूकडे वळवायचं. मॅडेलिन लँकास्टर आणि युर्गेन नोब्लिख यांनी व्हिएन्नात २०१३ मध्ये असे काही मिलिमीटरचे मेंदू-ऑर्गनॉइड दाखवले, पुढे झिका व्हायरस गर्भातल्या मेंदूचं काय करतो हे कळायला असे गोळे फार उपयोगी पडले. त्यातले न्यूरॉन सिग्नल देतात, पण डोळे नाहीत, कान नाहीत, शरीर नाही. विचार वगैरे काही नाही. मोठे होतील तसा प्रश्न अवघड होईल हे मान्य.

१५. वाढवलेले ऑर्गनॉइड परत पेशंटमध्ये लावता येतात का?

सुरुवात झाली आहे. २०२२ मध्ये टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) पेशंटला त्याच्याच आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवून जखमेच्या जागी लावले. अख्खा अवयव बनवून बसवणं हे वेगळंच प्रकरण, रक्तवाहिन्यांशिवाय मिलिमीटरच्या पुढे गेलं की आतून मरायला लागतं.

१६. मग आता प्राण्यांवरचे प्रयोग बंद होणार का?

कमी होतील, लगेच बंद नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नवीन औषधाला प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, भारतानेही २०२३ मध्ये नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत ऑर्गनॉइड, ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर वाढवलेल्या पेशी) अशा पद्धतींना जागा दिली. पण रक्तदाब, गर्भावर परिणाम, औषध कुठे साठतं, हे एका गोळीला विचारून कळणार नाही. आणि प्रश्न ६ विसरू नका.

१७. टिश्यू माझं, मग ऑर्गनॉइड कोणाचे? कंपनीने पैसे कमावले तर मला मिळतील का?

पैसे साधारणपणे मिळत नाहीत, संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं, सही करायच्या आधी वाचा. त्यात बघायच्या गोष्टी: टिश्यू फक्त या अभ्यासासाठी की पुढच्या कुठल्याही, परदेशात किंवा कंपनीला जाणार का, जीन्समध्ये घरच्यांना लागू पडणारं काही सापडलं तर कळवणार का, आणि संमती मागे घेता येते का. घेता येते. पण आधीच वापरून झालेला डेटा परत येत नाही. भारतात अशा कामाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तुमच्याकडे टिश्यू मागणाऱ्याला मंजुरीचं पत्र दाखवा म्हणायला अजिबात लाजू नका.

१८. पेशंट वारला तर त्याच्या ऑर्गनॉइडचं काय होतं?

संमती दिली असेल तर ते राहतात, कामही चालू राहतं. ट्यूबवर नाव नसतं, नुसता कोड, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळा कळतही नाही. मला एकदाच कळलं, डॉक्टर सहज बोलून गेले. त्या लाइनचा त्या दिवशी मीडिया बदलायचा होता. बदलला.